अस्वलांच्या मुलखात कुठलं पिस्तूल? १० मिमी, .४५, .५० एई आणि .४४ रिव्हॉल्व्हर समोरासमोर

तपकिरी अस्वल जीव तोडून धावलं तर ताशी ५० ते ५५ किलोमीटरचा वेग सहज गाठतं. म्हणजे सेकंदाला पंधरा मीटर. अलास्कात सॅमनच्या ओढ्यांकाठी आल्डरची झुडपं इतकी दाट असतात की तीस मीटरवरचं अस्वल आधी ऐकू येतं, मग दिसतं. तीस मीटर म्हणजे दोन सेकंद. होल्स्टरमधून पिस्तूल काढणं, दोन्ही हातांनी घट्ट धरणं, नेम घेणं आणि पहिली गोळी, सगळं त्यातच उरकायचं. नळीची लांबी, ऊर्जेचे आकडे, मॅगझिनमधली काडतुसं यांवर रात्रभर वाद घालता येतो. पण प्रत्येक आकड्याला एकच प्रश्न विचारायचा, की त्या दोन सेकंदांत तुझा उपयोग काय?

अस्वलापासून बचावासाठी कुठलं अर्ध-स्वयंचलित पिस्तूल (पुढचं काडतूस आपोआप चढवणारं) घ्यावं, याचा हा आढावा अलास्का, माँटाना, वायोमिंग, आयडाहो इथल्या रानात मासेमारी, भटकंती किंवा कामासाठी जाणाऱ्यांसाठी आहे. आपल्याकडे मेळघाटात किंवा बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत मोहफुलं वेचणाऱ्यांवर अस्वलं हल्ले करतात, पण तिथे हा प्रश्नच उद्भवत नाही. आपलं अस्वल वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि असली पिस्तुलं नेहमीच्या परवान्यावर मिळत नाहीत.

आधी परवानगीचं बघा

अमेरिकेतल्या बऱ्याच मराठी घरांचा विषय इथेच संपतो. एच-१बी, एल-१, एफ-१ आणि त्यांवर अवलंबून असलेल्या व्हिसांवरच्या माणसाला तिथल्या केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस बाळगायला मनाई आहे. विकत घ्यायलाच नाही, मित्राचं पिस्तूल रेंजवर हातात घेणं हेसुद्धा ‘बाळगणं’ धरलं जाऊ शकतं. यातला मुख्य अपवाद म्हणजे एखाद्या राज्याचं चालू हंटिंग लायसन्स. ते ऑनलाइन मिळतं, पण त्याच्या भरवशावर पुढे जाण्याआधी वकिलाला विचारलेलं बरं, कारण चूक झाली तर दंडावर भागत नाही, व्हिसा जातो. ग्रीन कार्डवाल्यांना आणि नागरिकांना ही अडचण नाही. अलास्कात २१ वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला पिस्तूल बाळगायला वेगळा परवाना लागत नाही. फेब्रुवारी २०१० पासून राष्ट्रीय उद्यानांत त्या-त्या राज्याच्या कायद्यानुसार शस्त्र नेता येतं, मात्र व्हिजिटर सेंटरसारख्या सरकारी इमारतींत नाही. कॅनडात ऑक्टोबर २०२२ पासून पिस्तुलांची खरेदी-विक्री गोठवलेली आहे. तेव्हा गाडीने कॅनडातून अलास्का गाठायचा बेत असेल तर पिस्तूल घरीच ठेवा.

विमानात रिकामं पिस्तूल कुलूपबंद कडक पेटीत, काउंटरवर सांगून, चेक-इन सामानात जातं. गंमत अशी की बेअर स्प्रे चेक-इनमध्येही चालत नाही. तो अलास्कात, अँकरेजला उतरल्यावरच विकत घ्यायचा.

स्प्रे की पिस्तूल

अलास्कातल्या घटनांवरचे दोन अभ्यास या वादात कायम पुढे केले जातात. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १९८५ ते २००६ मधल्या स्प्रेच्या ८३ घटना तपासल्या होत्या. तपकिरी अस्वलांचं नको ते वागणं थांबवण्यात स्प्रे ९२ टक्के वेळा यशस्वी ठरला, आणि जवळच्या गाठीत स्प्रे जवळ असलेल्यांपैकी ९८ टक्के लोकांना इजा झाली नाही. २०१२ च्या अभ्यासात १८८३ ते २००९ मधल्या बंदुकीच्या २६९ घटना होत्या. त्यात हँडगन ८४ टक्के वेळा आणि लांब बंदुका ७६ टक्के वेळा कामी आल्या.

हे आकडे शेजारी ठेवून ‘९२ मोठे की ८४’ असं म्हणणं चुकीचं आहे. स्प्रेच्या घटनांत तंबूभोवती घुटमळणारी, कुतूहलाने जवळ आलेली अस्वलं बरीच होती. बंदुकीच्या घटनांत चाल करून आलेली जास्त. खरं शिकण्यासारखं दुसरंच आहे. लांब बंदूक ताकदीने कितीतरी वरचढ असूनही हँडगनपेक्षा मागे पडली. खांद्याला लटकवलेली रायफल दोन सेकंदांत हातात येत नाही, छातीवरचं पिस्तूल येतं.

तेव्हा स्प्रे आधी, पिस्तूल नंतर. अमेरिकी नियमानुसार बेअर स्प्रेच्या डब्यात किमान २२५ ग्रॅम माल आणि १ ते २ टक्के कॅप्सेसिनॉइड हवेत. डबा सात-आठ सेकंदांत रिकामा होतो आणि फवारा नऊ-दहा मीटर जातो. नेम फारसा लागत नाही, ही त्याची मोठी जमेची बाजू. समोरून वारा असेल, मुसळधार पाऊस असेल किंवा तंबूच्या आत असाल तर मात्र तो तुमच्याच डोळ्यांत जातो. पिस्तुलाची जागा या फटीत आहे. स्प्रे घेणारच नाही, पिस्तूलच घेणार, असं म्हणणाऱ्यांनी निदान पुढचा मजकूर नीट वाचावा.

काडतुसांची तुलना

काडतुसाच्या नावातले .४४, .४५ असे आकडे म्हणजे ढोबळमानाने गोळीचा व्यास इंचात, म्हणजेच कॅलिबर. एसीपी, एई, मॅग्नम ही काडतुसांच्या जातींची नावं, आणि +पी म्हणजे जास्त दाबाचा भरणा. गोळीचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे साधारण ०.०६५ ग्रॅम. वेग फूट प्रति सेकंदात आणि ऊर्जा फूट-पाउंडात, कारण खोक्यावर तसंच छापलेलं असतं.

| काडतूस | गोळी (ग्रेन) | वेग | ऊर्जा | सहसा किती काडतुसं |
|---|---|---|---|---|
| ९ मिमी +पी, कठीण शिसं | १४७ | ११०० | ३९५ | १५–१७ |
| .४५ एसीपी +पी, कठीण शिसं | २५५ | ९२५ | ४८४ | ७–१३ |
| १० मिमी, सरावाचं | १८० | १०३० | ४२४ | १५ |
| १० मिमी, भारी, कठीण शिसं | २२० | १२०० | ७०३ | १५ |
| .४५ सुपर | २५५ | १०७५ | ६५४ | ८–१३ |
| .४४ मॅग्नम, मध्यम | २४० | १३५० | ९७१ | ६ |
| .४४ मॅग्नम, भारी | ३०५ | १३२५ | ११८९ | ६ |
| .५० एई | ३०० | १४७५ | १४५० | ७ |

हे कंपन्यांचे आकडे आहेत. नळी जेवढी आखूड तेवढा वेग कमी, आणि चार इंची .४४ मध्ये ही घट विशेष जाणवते.

तक्त्यातल्या १० मिमीच्या दोन ओळी पुन्हा बघा. नाव तेच, ताकदीत दीडपटीहून जास्त फरक. त्यामागे इतिहास आहे. १९८३ मध्ये ब्रेन टेन पिस्तुलासोबत हे काडतूस आलं तेव्हा नॉर्मा कंपनीची २०० ग्रेनची गोळी १२०० फूट वेगाने जात होती. १९८६ मध्ये मायामीत बँक लुटारूंशी झालेल्या चकमकीनंतर एफबीआयने १० मिमी उचललं, पण पूर्ण ताकदीचा धक्का नेहमीच्या एजंटांना झेपेना, म्हणून दारूचा भरणा हलका केला. तोच हलका भरणा आखूड काडतुसात बसवून १९९० मध्ये .४० एस अँड डब्ल्यू आलं. आजही दुकानातली निम्मी खोकी त्या हलक्या वंशातली असतात. खोक्यावर ‘१० मिमी ऑटो’ वाचून घेतलेलं काडतूस प्रत्यक्षात .४० च्याच जोरावर निघतं. कॅलिबर नव्हे, खोक्याच्या बाजूला छापलेला वेग वाचा. अस्वलासाठी २०० ग्रेनला १२०० च्या खाली आणि २२० ग्रेनला ११५० च्या खाली जाऊ नका.

९ मिमी हसण्यावारी नेऊ नका. २०१६ मध्ये अलास्कातल्या एका अनुभवी गाईडने चाल करून आलेलं अस्वल ९ मिमीनेच थांबवलं. त्याच्याजवळ वर दिलेल्या जातीची १४७ ग्रेनची कठीण गोळी होती, आणि हात अनेक दशकांचा मुरलेला होता. नवख्याने त्यातून एवढंच घ्यावं की आत शिरणारी गोळी आणि स्थिर हात यांपुढे कॅलिबर दुय्यम आहे. काळ्या अस्वलांच्या प्रदेशात, हाताला १० मिमी अजिबात झेपत नसेल तर असं ९ मिमी चालून जाईल. ग्रिझलीच्या, म्हणजे तपकिरी अस्वलाच्याच जातीच्या, प्रदेशात त्यावर विसंबू नये.

गोळी कशी हवी

माणसापासून संरक्षणासाठी विकली जाणारी पोकळ नाकाची गोळी शरीरात फुलते आणि थांबते. तिचं कामच ते. अस्वलावर तेच नडतं. समोरून येणाऱ्या अस्वलाचं डोकं खाली झुकलेलं असतं, कवटी उतरती, मागे खांद्यांचे जाड स्नायू, वर ओली दाट लव आणि चरबी. गोळीला मेंदू, मणका किंवा खांद्याचं हाड गाठायचं असतं, नुसती जखम करून भागत नाही. हृदयाला गोळी लागलेलं अस्वलसुद्धा तुमच्यापर्यंत पोचण्याइतके सेकंद जिवंत असतं.

म्हणून गोळी न फुलणारी, जड आणि सपाट रुंद नाकाची हवी. सपाट नाक सरळ रेषेत शिरतं. गोल नाकाची गोळी हाडावरून तिरकी सटकायची शक्यता जास्त. कठीण शिशाच्या या गोळ्या बफेलो बोअर आणि अंडरवुड या दोन्ही कंपन्या १० मिमीमध्ये करतात. फेडरलची २०० ग्रेनची ‘सिंटेक सॉलिड कोअर’ प्लास्टिकच्या थराने मढवलेली असते. एका काडतुसाला दीड-दोन डॉलर पडतात, म्हणून लोक एक खोकं घेतात, पाच उडवतात आणि बाकीची मॅगझिनमध्ये भरून मोकळे होतात. ही कंजुषी कुठे नडते ते पुढे येईलच.

आता पिस्तुलं

ग्लॉक २० हे या प्रांतातलं सरळसाधं उत्तर आहे. ४.६ इंची नळी, पंधरा काडतुसांचं मॅगझिन, रिकाम्या मॅगझिनसह ८७० ग्रॅम, भरल्यावर सव्वा किलोच्या आत. ईशान्य ग्रीनलंडमध्ये कुत्र्यांच्या गाड्यांवरून गस्त घालणाऱ्या डेन्मार्कच्या सिरियस तुकडीच्या कंबरेला ध्रुवीय अस्वलांसाठी हेच असतं. आधीचं ९ मिमी कमी पडलं म्हणून बदललं. त्यांच्याकडे सोबत रायफलही असते, हे विसरू नये. वेगळी सेफ्टी नाही, काढा आणि चाप ओढा. होल्स्टर, नळ्या, साइट, स्प्रिंगा या पिस्तुलासाठी जितक्या मिळतात तितक्या दुसऱ्या कुठल्याही १० मिमीसाठी नाहीत.

त्याची खोट मुठीत आहे. काडतूस लांब, म्हणून मूठ पुढून मागे जाड. आपल्याकडच्या मध्यम हाताला चापापर्यंत बोट पोचवताना पिस्तूल तळव्यात थोडं फिरवून धरावं लागतं, मग धक्का अंगठ्याच्या सांध्यावर येतो. दुकानात बघायचं ते एवढंच: पिस्तूल मनगटाच्या रेषेत सरळ धरून तर्जनीचं पहिलं पेर चापाच्या मधोमध बसतं का. नसेल तर ग्लॉक सोडा, कितीही नावाजलेलं असो.

दुसरी खोट शिशाची. ग्लॉकच्या नळीतले आटे पारंपरिक धारदार नसून गोलसर वळणांचे असतात, आणि कंपनी बिनआवरणाच्या शिशाच्या गोळ्या वापरू नका असं सांगते. अशा नळीत शिसं साचून दाब वाढू शकतो. व्यवहारात लोक दोन वाटा काढतात. एक तर पारंपरिक आट्यांची दुसरी नळी बसवतात, किंवा थर दिलेल्या अथवा घन तांब्याच्या गोळ्या घेतात. आमची पसंती दुसरीला, कारण त्यात मूळ पिस्तुलाला हात लावावा लागत नाही. कठीण शिसंच हवं असेल तर दुसरी नळी घ्या, आणि प्रत्येक सरावानंतर नळी उजेडाकडे धरून आट्यांत राखाडी पापुद्रे बसलेत का ते बघा.

ग्लॉक २९ आखूड, दहा काडतुसांचं. नळी पावणेचार इंचांची, वेग घटतो, करंगळीला आधार नाही. छातीवर बांधायचं तर लहान पिस्तुलाचा फायदाच उरत नाही. ग्लॉक ४० ची नळी सहा इंची, शिकारीला उत्तम, दोन सेकंदांच्या कामाला लांब.

स्मिथ अँड वेसन एम अँड पी २.० (१० मिमी) हा ग्लॉकला खरा पर्याय. पंधरा काडतुसं, ४ किंवा ४.६ इंची नळी, आणि मुठीच्या पाठीसाठी चार वेगवेगळ्या मापांचे तुकडे सोबत येतात. लहान हाताच्या माणसाला, विशेषतः बायकांना, यानेच पहिल्यांदा १० मिमी नीट धरता येतं. मुठीचा पोत खरखरीत, ओल्या हातातून सुटत नाही. हवी असेल तर अंगठ्याची सेफ्टी असलेली आवृत्तीही मिळते. पहिल्यांदाच घेणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये, दोन सेकंदांत विसरायची आणखी एक गोष्ट वाढते. ४.६ इंची घ्या.

स्प्रिंगफील्ड एक्सडी-एम एलिट मध्ये सोळा काडतुसं आणि चाप हलका. पण मुठीच्या मागे दाबायची सेफ्टी आहे. ती पूर्ण दाबली नाही तर गोळी सुटत नाही आणि स्लाइडही (पिस्तुलाचा वरचा, मागे-पुढे सरकणारा भाग) मागे येत नाही. रेंजवर हे कधी जाणवतही नाही. जाड हातमोजे घालून, अर्धवट पकडीत, पडलेल्या अवस्थेत जाणवू शकतं. या एका कारणाने ते ग्लॉक आणि एम अँड पी यांच्या खाली.

सिग पी३२० एक्सटेन ची नळी पाच इंची, धक्का मऊ, चाप सुरेख. मात्र पी३२० घराण्यातल्या पिस्तुलांबद्दल ‘चाप न ओढता गोळी सुटली’ असे खटले अमेरिकेत चालले आहेत. कंपनी दोष नाकारते. छातीवरच्या होल्स्टरमध्ये पिस्तूल दिवसभर असतं, आणि वाकताना-बसताना नळीचं तोंड स्वतःच्या हाताकडे किंवा सोबत्याकडे वळतं. इतके चांगले पर्याय असताना या शंकेसह का जगायचं, असं आमचं मत.

एफएन ५१० दणकट आहे, बावीस काडतुसांचं लांब मॅगझिनही येतं, किंमत बरीच वरची. दोन सेकंदांत बावीस कोण उडवणार?

कोल्ट डेल्टा एलिट आणि ‘१९११’ या जुन्या घडणीची १० मिमीतली इतर पिस्तुलं: आठ काडतुसं, पातळ मूठ, आखूड कुरकुरीत चाप. ‘१९११’ वर हात बसलेल्या माणसाने दुसरीकडे बघू नये. बाकीच्यांसाठी घोडा चढवून सेफ्टी लावलेलं पिस्तूल छातीवर वागवणं आणि घाईत ती सेफ्टी अचूक पाडणं हे शेकडो वेळा गिरवल्याशिवाय येत नाही.

.४५ सुपर आणि .४६० रोलँड हे .४५ ची पिस्तुलं आधीच असलेल्यांचे मार्ग. सुपरसाठी जास्त जोराची स्प्रिंग लागते, रोलँडसाठी तर नळी बदलावी लागते आणि तिच्या तोंडावर धक्का कमी करणारा काँपेन्सेटर बसवावा लागतो. काडतुसं छोट्या गावातल्या दुकानात मिळत नाहीत. छंद म्हणून ठीक.

डेझर्ट ईगल .५० एई कागदावर सगळ्यांचा बाप. वजन दोन किलो. हे पिस्तूल वायूच्या जोरावर चालतं, आणि नळीतल्या ज्या छिद्रातून तो वायू जातो ते शिशाने बुजतं. म्हणून बिनआवरणाच्या शिशाच्या गोळ्या त्यात चालवायच्याच नाहीत. थोडक्यात, अस्वलासाठी जी गोळी सगळ्यात सहज मिळते तीच याला वर्ज्य. शिवाय मनगट ढिलं पडलं की अडकतं. सिनेमात शोभतं.

.४४ रिव्हॉल्व्हरशी गाठ

प्रश्न अर्ध-स्वयंचलित पिस्तुलाचा असला तरी ही तुलना टाळता येत नाही, कारण रिव्हॉल्व्हरची बाजू खरोखर भक्कम आहे. अस्वल अंगावर आलं आणि नळी त्याच्या लवेत खुपसली गेली तर पिस्तुलाची स्लाइड काही मिलिमीटर मागे ढकलली जाते. चेंबर (नळीच्या मागचा, काडतूस बसण्याचा कप्पा) पूर्ण बंद होत नाही आणि चाप ओढला तरी बार उडत नाही. रिव्हॉल्व्हरला याचं काही नाही. काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा चाप ओढा, पुढचं काडतूस समोर येतं. मनगट ढिलं असलं, उताणे पडून एका हाताने झाडलं, तरी चालतं. पिस्तूल अशा वेळी स्लाइडला पुरेसा टेकू न मिळाल्याने रिकामी पुंगळी अर्धवट बाहेर टाकून अडकतं.

दुसरी बाजूही ऐका. एस अँड डब्ल्यू ३२९पीडी जेमतेम ७१५ ग्रॅमची. तीनशे ग्रेनची भारी गोळी तिच्यातून एकदा झाडली की दुसऱ्या गोळीला नळी परत खाली येईपर्यंत अस्वल पोचलेलं असतं. इतक्या हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये आणखी एक बिघाड होतो. धक्क्याने शिल्लक काडतुसांच्या गोळ्या पुंगळीतून पुढे सरकतात आणि सिलिंडर फिरायचाच थांबतो. जड एस अँड डब्ल्यू ६२९ किंवा रुगर रेडहॉक घेतलं तर हा त्रास जातो, पण वजन सव्वा किलोच्या आसपास किंवा वर आणि गोळ्या सहाच. डबल ॲक्शन चाप (घोडा आधी न चढवता ओढायचा) पाच किलोच्या आसपास जोर मागतो, ग्लॉकचा अडीच.

लहानपणापासून रिव्हॉल्व्हर चालवणारा माणूस असाल तर .४४ च ठेवा. नव्याने शिकणाऱ्याला १० मिमीमध्ये दोन सेकंदांत दोन-तीन गोळ्या नेमावर टाकता येतात, .४४ मध्ये एक, आणि तीही बहुतेक वर. आम्ही कौल १० मिमीला देतो तो या हिशेबावर, ऊर्जेच्या नाही.

कुठे अडकतं आणि का

भारी काडतुसांनी १० मिमी अडकतं तेव्हा लोक पिस्तुलाला शिव्या देतात. बहुतेक वेळा कारण तीनांपैकी एक असतं. पहिलं, सपाट रुंद नाक चेंबरच्या उतारावर ठेचतं आणि काडतूस तिरकं राहतं. दुसरं, पूर्ण भरलेल्या मॅगझिनमधली जड काडतुसं वर उचलायला स्प्रिंगला वेळ कमी पडतो, कारण भारी भरण्याने स्लाइड वेगाने मागे-पुढे जाते. पुढचं काडतूस नाक खाली घालून अडकतं. पंधराऐवजी चौदा भरले तर हे पुष्कळदा थांबतं. तिसरं, जास्त जोराची रिकॉइल स्प्रिंग. ग्लॉक २० ची मूळ स्प्रिंग १७ पाउंडची. लोक धक्का कमी व्हावा म्हणून थेट २२-२४ ची बसवतात, मग हलक्या सरावाच्या काडतुसांनी स्लाइड पूर्ण मागेच जात नाही. बदलायचीच तर २० च्या आसपास थांबा, आणि सराव व अस्वल दोन्हींची काडतुसं तिच्यावर तपासा.

नवं खोकं आणलं की घरी करायची एक चाचणी आहे. पिस्तूल रिकामं असल्याची दोनदा खात्री करा, मॅगझिन बाजूला ठेवा, सुटं करून नळी हातात घ्या. तोंड खाली करून चेंबरमध्ये एक काडतूस नुसतं सोडा. ‘टक्’ असा आवाज करत ते तळाला बसायला हवं, बोटाने सहज फिरायला हवं, आणि नळी उलटी केली की आपोआप बाहेर पडायला हवं. चिकटलं किंवा थोडं वर राहिलं तर त्या नळीशी त्या काडतुसाचं जमत नाही. नव्याने बसवलेल्या घट्ट चेंबरच्या नळ्यांत हे फार होतं.

आणखी एक बारीक गोष्ट. रोज रात्री पिस्तूल रिकामं करून सकाळी तेच काडतूस चेंबरमध्ये चढवत राहिलं तर दर वेळी आपटून गोळी पुंगळीत किंचित आत सरकते. आतली जागा कमी झाली की दाब वाढतो, आणि १० मिमीमध्ये दाब मुळातच जास्त. आठवड्याने ते काडतूस नव्या काडतुसाशेजारी उभं करून बघा. उंचीत फरक दिसला तर ते बाजूला काढा.

थंडीत घट्ट तेल गोठतं, स्लाइड मंदावते. पातळ तेलाचा अगदी हलका हात पुरे. बाहेरून केबिनच्या उबेत आणलेल्या पिस्तुलावर दव धरतं आणि पुन्हा बाहेर नेलं की ते गोठतं. म्हणून होल्स्टरसकट बाहेरच्या पडवीत ठेवणारे लोक वेडे नसतात. रेड डॉटच्या (लाल ठिपक्याने नेम दाखवणाऱ्या साइटच्या) काचेवर पावसाचा एक थेंब बसला की ठिपक्याची चांदणी होते. रेड डॉट लावलाच तर त्यातून दिसतील अशा उंच लोखंडी साइट ठेवा.

कुठे बांधायचं

कंबरेवर नाही. रकसॅकचा कंबरपट्टा नेमका तिथेच येतो, आणि पाण्यात उतरताना घातलेले वेडर छातीपर्यंत असतात. अलास्कातले गाईड छातीवर तिरकं होल्स्टर बांधतात, चामड्याचं किंवा कायडेक्स या कडक प्लास्टिकचं, रकसॅकच्या पट्ट्यांखालून. चामडं अंगाला सुखाचं, पण चार दिवसांच्या पावसात फुगतं आणि पकड घट्ट होते. कायडेक्स भिजत नाही, काढताना ‘खट्’ असा आवाज करतं. चाप पूर्ण झाकणारं आणि बरोबर तुमच्याच पिस्तुलाच्या मॉडेलसाठी केलेलं होल्स्टर नसेल तर घेऊ नका. टॉर्च लावणार असाल तर होल्स्टर टॉर्चसकटचं लागतं, म्हणून टॉर्च आधी ठरवा.

चेंबर भरलेलंच ठेवायचं. रिकामं चेंबर म्हणजे दोन्ही हात मोकळे असतील हे गृहीत धरणं, आणि एका हातात गळ किंवा स्प्रेचा डबा असतोच. भरलेल्या चेंबरची भीती वाटत असेल तर ती योग्यच आहे, पण तिचा इलाज चांगलं होल्स्टर आणि सराव हा आहे.

खरेदीनंतर किती गोळ्या

अस्वलांच्या प्रदेशात नेण्याआधी किमान दोनशे सरावाची काडतुसं आणि त्यावर जी बाळगणार तीच पन्नास, एकदाही न अडकता, अशी अट घाला. पन्नास भारी काडतुसं म्हणजे ७५ ते १०० डॉलर. पिस्तूल सहाशे-सातशे डॉलरचं घेतलंत, इथे हात आखडू नका. पन्नासातली दहा एका हाताने, पकड मुद्दाम जरा सैल ठेवून झाडा. अडकायचं असेल तर तिथेच अडकेल.

सराव सात मीटरवर, कागदी ताटलीएवढ्या लक्ष्यावर. छातीवरच्या होल्स्टरमधून काढून पहिली गोळी ताटलीत दोन सेकंदांच्या आत, मग त्यामागे आणखी दोन. सुरुवात रिकाम्या पिस्तुलाने घरी, रोज दहा मिनिटं, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून. रकसॅक पाठीवर, रेनकोट अंगात, हातमोजे घालून. टी-शर्टवर दीड सेकंदात जमणारं काम रेनकोटच्या चेनने चार सेकंदांवर जातं, हे घरीच कळलेलं बरं. स्प्रे आणि पिस्तूल कुठल्या हाताने आधी काढायचं तेही इथेच पक्कं करा: बहुतेक जण स्प्रे डाव्या हाताला, पिस्तूल उजव्याला ठेवतात.

गोळी झाडल्यावर

अलास्कात जीव वाचवण्यासाठी अस्वल मारलं तर ते तुमचं होत नाही. नख्यांसकट कातडं आणि कवटी तुम्हालाच सोलून काढून राज्याच्या ताब्यात द्यावी लागते, मत्स्य आणि वन्यजीव विभागाला ताबडतोब कळवावं लागतं आणि १५ दिवसांत लेखी प्रश्नावली भरून द्यावी लागते. हल्ला तुमच्याच उघड्या खाण्यामुळे किंवा कचऱ्यामुळे ओढवला असेल तर हे संरक्षण लागू होत नाही. अलास्काबाहेरच्या माँटाना, वायोमिंगसारख्या राज्यांतली ग्रिझली १९७५ पासून केंद्रीय कायद्याने संरक्षित आहे, तिथे स्वसंरक्षणाची प्रत्येक गोळी तपासली जाते. तपकिरी अस्वलाचं ओलं कातडं एकट्याच्या पाठीला जड होतं, तेव्हा पिस्तुलासोबत एक धारदार सुरी, दोरी आणि सॅटेलाइटवरून संदेश पाठवणारं यंत्र बॅगेत हवं.